खोट्या केसमधून सुटलात? आता मुदत मोजायला लागा

खडकी बाजार, बोपोडी, औंध रोड या पट्ट्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यात विचारा, खोट्या केसमध्ये अडकलेल्या एखाद्या मुलाची गोष्ट कानावर येतेच. कुठे भाड्याच्या दुकानावरून झालेल्या वादाचं चोरीच्या फिर्यादीत रूपांतर होतं. कुठे शेजारच्या भांडणात घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं एफआयआरमध्ये येतात. कुठे नुसतं तिथे उभं असल्यामुळे मुलगा उचलला जातो. मग तीन, पाच, आठ वर्षं तारखा चालतात. शेवटी कोर्ट म्हणतं, निर्दोष. घरात शुक्र अदा होतो, मिठाई वाटली जाते, फाईल कपाटात जाते.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की ती फाईल इतक्यात कपाटात ठेवू नका. कारण नसताना खटला चालवून तुमची वर्षं खाल्ली गेली असतील, तर कायद्यात त्यावर काही इलाज आहेत. ते पुरेसे नाहीत आणि सोपेही नाहीत, पण आहेत. त्यातले बहुतेक इलाज वेळेत न मागितल्यामुळे हातचे जातात. काही निकालाच्या दिवशीच मागावे लागतात, काहींना सहा महिने मिळतात, काहींना एक वर्ष. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

निर्दोष सुटणं आणि केस खोटी ठरणं, या दोन वेगळ्या गोष्टी

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. आरोप संशयापलीकडे सिद्ध झाला नाही, म्हणून कोर्ट आरोपीला सोडतं. पण केस रचलेली होती, फिर्यादीकडे वाजवी कारणच नव्हतं, हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. ते तुम्हाला वेगळं दाखवावं लागतं.

त्यामुळे निकालपत्र नीट वाचून घ्या, वकिलांकडून समजून घ्या. 'संशयाचा फायदा देऊन सोडण्यात येत आहे' असं लिहिलंय, की 'पुरावा विश्वासार्ह नाही', 'साक्षीदार खोटं बोलतोय', 'पंचनामा बनावट वाटतो' असं लिहिलंय? दुसऱ्या प्रकारचं एकेक वाक्य पुढच्या लढाईत तुमच्या बाजूचा साक्षीदार असतं. निकालाची सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कल लगेच काढा. झेरॉक्सवर किंवा मोबाईलमधल्या फोटोवर भागवू नका.

पुरावा पहिल्या दिवसापासून जमवा

भरपाईची लढाई सुटकेनंतर होते, पण तिचा पुरावा अटकेच्या दिवसापासून जमवावा लागतो. घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसाकडे, मग ती अम्मी असो, बहीण असो की चाचा, ही जबाबदारी द्या.

अटकेची कारणं लेखी मागा. राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे अटक का केली हे सांगणं आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या मिहीर राजेश शाह प्रकरणात, ही कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत असं स्पष्ट केलं. न समजणाऱ्या कागदावर सही करायला सांगितलं, तर आधी वाचून दाखवायला सांगा.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, हा अर्नेश कुमार निकाल २०१४ चा आहे. नोटीस न देता थेट उचललं असेल, तर कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठून आणि कोणासमोर, हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवा.

पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही असणं आणि त्याचं चित्रण जपणं याबद्दल सुप्रीम कोर्टाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये आदेश दिले आहेत. मुलाला सकाळी आणलं आणि कागदावर रात्रीची अटक दाखवली, असं वाटत असेल तर ते चित्रण जपून ठेवावं असा लेखी अर्ज वकिलामार्फत लगेच करा. दुकानाच्या किंवा सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण तर काही दिवसांतच पुसलं जातं, ते आधी मिळवा.

बाकी हिशोबही ठेवा: वकिलाची फी, जामिनासाठीचा खर्च, बुडालेली मजुरी, बंद राहिलेलं दुकान, सुटलेली नोकरी, दवाखाना. पावत्या असतील तर उत्तम. नसतील तर तारखांसह नोंद ठेवा. नुकसान किती झालं, हे कोर्ट विचारणारच.

केस चालू असताना: शेवटपर्यंत थांबायलाच हवं असं नाही

आरोपपत्रात काहीच दम नसेल, तर खटला पूर्ण चालण्याआधी डिस्चार्जचा अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात या अर्जाला मुदत घातली आहे. न्यायदंडाधिकाऱ्याकडच्या वॉरंट केसमध्ये आरोपपत्राच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवस, आणि सेशन केसमध्ये केस सेशन कोर्टाकडे सोपवल्यापासून ६० दिवस. वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा, 'डिस्चार्जचा अर्ज करायचा का आणि कधीपर्यंत?'

एफआयआरमधला मजकूर पूर्ण खरा मानला तरी गुन्हाच होत नाही, किंवा केस उघड सूडबुद्धीची आहे, अशा वेळी हायकोर्टात संहितेच्या कलम ५२८ खाली ती रद्द करण्याची मागणी करता येते. जुन्या कायद्यात हेच कलम ४८२ होतं. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं असलं तरी पुणे जिल्हा त्यात नाही. खडकीच्या माणसाला मुंबईलाच जावं लागतं.

निकालाच्या दिवशीच मागायची गोष्ट

हा भाग दोनदा वाचा. खडकीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी कोर्टात चालणाऱ्या केसेसना तो थेट लागू होतो.

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २७३, म्हणजे जुनं कलम २५०, असं सांगतं: आरोपीला सोडताना न्यायदंडाधिकाऱ्याचं मत झालं की आरोपाला वाजवी आधारच नव्हता, तर ते फिर्याद किंवा खबर देणाऱ्याला कारण विचारू शकतात आणि आरोपीला भरपाई द्यायला लावू शकतात. आरोपी अनेक असतील तर प्रत्येकाला. भरपाईची कमाल मर्यादा त्या न्यायदंडाधिकाऱ्याच्या दंडाच्या अधिकाराएवढी असते. नव्या कायद्यात प्रथमवर्गासाठी ती ५०,००० रुपये आहे. रक्कम भरली नाही तर ३० दिवसांपर्यंत साधी कैद होऊ शकते.

गोम अशी, की फिर्यादीला कारण विचारण्याची ही प्रक्रिया सुटकेच्या आदेशातूनच सुरू होते. निकाल झाला, सगळे घरी गेले, आणि महिन्याने आठवण झाली, तर उशीर झालेला असतो. म्हणून अंतिम युक्तिवादाच्या वेळीच वकिलांनी लेखी मागणी करायला हवी: सुटका झाल्यास कलम २७३ खाली भरपाईचाही विचार व्हावा. कोर्ट ती देईलच असं नाही, पण मागितली तर कोर्टाला विचार करावा लागतो.

ही भरपाई घेतल्यामुळे पुढचा दिवाणी दावा बंद होत नाही. मिळालेली रक्कम फक्त त्या दाव्यात हिशोबात धरली जाते.

कोणी पोलिसांना सांगून विनाकारण अटक करवली, तर कलम ३९९ खाली त्या माणसाकडून भरपाई मिळू शकते. पण तिची मर्यादा १,००० रुपये आहे. आज या रकमेत काय येतं, ते आम्ही सांगायला नको.

खोटी फिर्याद देणाऱ्यावर गुन्हा

भारतीय न्याय संहितेच्या कलम २४८ प्रमाणे, आधार नाही हे माहीत असताना नुकसान करायच्या हेतूने खोटा आरोप करणं हा गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोटा आरोप जन्मठेपेसारख्या गंभीर गुन्ह्याचा असेल तर दहा वर्षांपर्यंत. पोलिसांना खोटी माहिती देण्यासाठी कलम २१७, खोट्या साक्षीसाठी कलम २२९.

मात्र कोर्टातल्या प्रकरणाशी जोडलेल्या अशा गुन्ह्याची तक्रार तुम्ही परस्पर करू शकत नाही. ज्या कोर्टात ते घडलं, त्या कोर्टानेच ती करावी लागते. तुमचं काम म्हणजे संहितेच्या कलम ३७९ खाली त्या कोर्टाला अर्ज देणं. पोलीस ठाण्यात जाऊन 'आता त्याच्यावर केस घ्या' म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. त्यातून नवीच केस मागे लागू शकते.

दिवाणी दावा: एक वर्षाची मुदत

द्वेषबुद्धीने खटला चालवल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा दिवाणी कोर्टात करता येतो. त्यासाठी पाच गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. खटला त्या माणसाने चालवला किंवा चालवायला लावला. तो तुमच्या बाजूने संपला. खटल्याला वाजवी आणि सबळ कारण नव्हतं. त्यामागे द्वेष किंवा वेगळाच हेतू होता. आणि तुमचं नुकसान झालं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, खडकी बाजारातल्या एका गाळ्याच्या मालकाला भाडेकरू काढायचाय. तो गल्ल्यातल्या चोरीची फिर्याद देतो. पुढे खटल्यात उघड होतं, की फिर्यादीच्या आधीच्या आठवड्यात त्याने 'गाळा सोड, नाहीतर आत घालीन' असा मेसेज पाठवला होता, आणि चोरीच्या दिवशी तो स्वतः गावातच नव्हता. पहिल्या गोष्टीतून हेतू दिसतो, दुसरीतून कारण नसल्याचं. हाच माणूस खरोखर चोरी झाली आणि चुकून नाव घेतलं असं दाखवू शकला, तर दावा पडतो. प्रामाणिक गैरसमज म्हणजे द्वेष नव्हे. आणि नुसती खबर दिली, पुढचं सगळं पोलिसांनी केलं, असा बचावही तो घेईल. त्यावर १९०८ च्या गया प्रसाद विरुद्ध भगत सिंग प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं होतं, की फिर्यादीच्या आधीचं आणि नंतरचं त्याचं वागणं बघावं लागेल. खोटे साक्षीदार उभे करणं, पोलिसांमागे लागणं, हे त्यात येतं.

आता मुदत. मुदत कायदा १९६३ च्या अनुच्छेद ७४ प्रमाणे सुटका झाल्यापासून किंवा खटला अन्य प्रकारे संपल्यापासून एक वर्ष. बेकायदा डांबून ठेवल्याच्या दाव्याला अनुच्छेद ७३ प्रमाणे डांबणं संपल्यापासून एक वर्ष. म्हणजे ही मुदत खटला चालू असतानाच संपू शकते. समोरच्याने अपील केलंय म्हणून निवांत बसू नका. पहिल्या निकालाची तारीख धरूनच वकिलांशी बोला.

कोर्ट फी मागितलेल्या रकमेप्रमाणे लागते. ती परवडत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन म्हणून दावा करण्याची परवानगी मागता येते.

दावा पोलिसांवर असेल तर

इथे वाट अरुंद आहे. सरकार किंवा सरकारी अधिकाऱ्यावर दावा करण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम १६१ त्याहून कडक आहे. कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवरचा दावा किंवा खटला कृत्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत न केल्यास कोर्ट तो फेटाळू शकतं. हे कलम आपल्या प्रकरणाला लागू होतं का, हा वकिलांना विचारायचा पहिला प्रश्न. फौजदारी कारवाईसाठी अनेकदा सरकारची परवानगीही लागते.

याशिवाय राज्य मानवी हक्क आयोग आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जायला हवं. या अर्जांना वकील सक्तीचा नाही.

मोठ्या केसेस काय सांगतात

८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात बॉम्बस्फोट झाले. मेलेले आपले होते आणि पकडलेलेही आपलेच. एटीएसने नऊ मुस्लिम तरुणांना आरोपी केलं. पुढे तपास एनआयएकडे गेला. नोव्हेंबर २०११ मध्ये जामीन मिळाला, आणि २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष कोर्टाने आठ जणांना डिस्चार्ज केलं. नववा तोपर्यंत हयात नव्हता.

नाशिकच्या टाडा कोर्टाने १९९४ च्या एका प्रकरणातल्या ११ जणांना फेब्रुवारी २०१९ मध्ये निर्दोष सोडलं. पंचवीस वर्षांनी. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत खालच्या कोर्टाने दोषी ठरवलेल्या सर्व १२ जणांना मुंबई हायकोर्टाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवलं. तीनच दिवसांनी सुप्रीम कोर्टाने हा निकाल इतर केसेसमध्ये दाखला म्हणून वापरू नये असं म्हटलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

भरपाईचं काय? अक्षरधाम प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मे २०१४ मध्ये सहाही जणांना सोडलं. त्यांच्यापैकी काहींनी भरपाई मागितली, तेव्हा २०१६ मध्ये कोर्टाने ती ऐकायला नकार दिला. असा पायंडा धोकादायक ठरेल, असं कोर्टाचं म्हणणं होतं. दुसऱ्या बाजूला इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये खोट्या हेरगिरीत गोवलं गेलं. त्यांना १४ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने ५० लाख रुपये दिले. त्याआधी १९८३ मध्ये बिहारच्या रुदुल शाहला, निर्दोष ठरूनही १४ वर्षं तुरुंगात ठेवल्याबद्दल, कोर्टाने ३५,००० रुपये भरपाई मान्य केली होती.

म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ चा भंग झाला म्हणून हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्ट भरपाई देऊ शकतं, पण तो कोर्टाच्या मर्जीचा भाग आहे, हक्काची योजना नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात नेमकं हेच मांडलं: चुकीच्या खटल्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कोर्ट आणि भरपाईचा कायदा हवा. तो कायदा झालेला नाही. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने चुकीच्या तुरुंगवासाच्या प्रत्येक वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत भरपाई ठरवलेली आहे. आपल्याकडे प्रत्येक कुटुंबाला नव्याने भांडावं लागतं. आपल्या खासदार-आमदारांना मतं मागायला आल्यावर विचारायचा हाही एक प्रश्न आहे.

वकील कुठून आणायचा?

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे मोफत वकील हा हक्क आहे, खैरात नव्हे. स्त्रिया, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी तो मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. मुलगा येरवड्यात असेल तर तो तुरुंगातूनच अर्ज करू शकतो. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे, आणि देशभराचा मदत क्रमांक १५१०० आहे. ही मदत आरोपीच्या बचावापुरती नाही, दिवाणी दाव्यालाही मिळू शकते.

मालेगाव आणि लोकल स्फोटांच्या खटल्यांत जमियत उलमा-ए-महाराष्ट्रच्या कायदा विभागाने वर्षानुवर्षं वकील उभे केले, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मोहल्ल्यातल्या छोट्या केसेसना कोणी मोठी संघटना येत नाही. तिथे मशिदीच्या कमिटीने, तरुणांच्या मंडळांनी दोन भरवशाच्या वकिलांची नावं आणि मुदतीची एक यादी दर्शनी भागात लावून ठेवली, तरी खूप होईल.

'पोलिसांत ओळख आहे, मॅटर मिटवतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहा. वकिलाला दिलेल्या पैशाची पावती मागा. वकीलपत्रावर सही करताना वाचून घ्या.

नोकरी, पासपोर्ट आणि चारित्र्य पडताळणी

खडकीत दारूगोळा कारखाना आणि लष्कराच्या आस्थापनांवर कितीतरी घरं चालतात. सरकारी नोकर ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला की तो निलंबित मानला जातो. सुटका झाल्यावर निलंबनाचा काळ आणि थकलेला पगार यासाठी निकालाची नक्कल जोडून लेखी अर्ज करा. निकालात 'सन्मानपूर्वक सुटका' दिसते की 'संशयाचा फायदा', याचा इथे थेट फरक पडतो.

नव्या नोकरीच्या फॉर्ममध्ये 'तुमच्यावर कधी केस झाली होती का' असं विचारलं, तर लपवू नका. अवतार सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं, की माहिती खरी असायला हवी. सुटलेली केस सांगून नोकरी मिळू शकते, लपवलेली केस सापडली तर लागलेली नोकरी जाऊ शकते. निकालाची प्रमाणित नक्कल संबंधित पोलीस ठाण्याला देऊन नोंद अद्ययावत करायला सांगा आणि पोच घ्या. नाहीतर पासपोर्टच्या वेळी जुनी केस 'प्रलंबित' म्हणून पुन्हा समोर येते.

थोडक्यात, तारखांचं गणित

डिस्चार्जसाठी ६० दिवस. कलम २७३ ची मागणी अंतिम युक्तिवादातच. पोलिसांविरुद्ध सहा महिन्यांची अट तपासून घ्या आणि दोन महिन्यांची नोटीस लक्षात ठेवा. मानवी हक्क आयोग, एक वर्ष. दिवाणी दावा, एक वर्ष.

प्रत्येक सुटलेल्या माणसाने दावा करावाच, असं आम्ही म्हणत नाही. पुन्हा कोर्टाची पायरी नको, असं वाटणाऱ्या घरांचा थकवा आम्ही समजतो. पण तो निर्णय माहिती घेऊन, मुदत संपायच्या आत, घरच्यांनी बसून घ्यावा. निकाल लागला की त्याच आठवड्यात वकिलाकडे एक चक्कर मारा आणि विचारा, 'आता आम्हाला काय मागता येतं, आणि कधीपर्यंत?'